पाणवठा क्रमांक नऊ

संभाजीनगरातल्या मुकुंदवाडी रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या पुंडलिक निकाळजेंची थोरली लेक सुलेखा एमएस्सीला पाण्यातले किडे शिकते, हे चारचौघींत सांगायची तिच्या आईला, गीताबाईंना, लाज वाटायची. शेजारणी विचारायच्या, "सुलेखा काय करती वो आता?" तेव्हा गीताबाई "सायन्सला हाय" एवढं बोलून विषय मिटवायच्या.

खरं तर त्या किड्यांचा उगम गीताबाईंच्याच मोरीतला होता. नळाला आठव्या-दहाव्या दिवशी पाणी यायचं, म्हणून घरात निळे ड्रम भरून ठेवलेले असायचे. पाचव्या दिवसानंतर त्या पाण्यात बारीक बारीक वळवळ सुरू व्हायची. गीताबाई फडक्यानं पाणी गाळून घ्यायच्या, आणि सात-आठ वर्षांची सुलेखा ते फडकं उलटं करून त्यावरचे जीव वाटीत सोडायची आणि तासन्तास बघत बसायची. कोणता खाली जातो, कोणता वर येऊन श्वास घेतो, कोणता दुसऱ्याला खातो. मार खाल्ला, पण खोड गेली नाही. पुंडलिकराव चिकलठाण्याच्या एका कंपनीत मशीनवर होते, गीताबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. लेकीनं नागसेनवनातल्या कॉलेजातून बीएस्सी केलं, विद्यापीठात एमएस्सीला नंबर लागला, तेव्हा दोघांनीही विषय काय आहे हे फारसं विचारलं नाही. पोरगी शिकते आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी तिच्या मार्गदर्शक डॉ. चारुता बर्दापूरकर यांनी तिला एक अर्ज भरायला लावला. एका राष्ट्रीय उद्यानात विद्यार्थ्यांसाठी सहा आठवड्यांची उन्हाळी फेलोशिप होती. राज्यातून आठ जण घेणार होते. राहायचं जंगलातच, विषय ज्याचा त्यानं निवडायचा. सुलेखाचा नंबर सातवा लागला. एप्रिलच्या मध्याला पुंडलिकराव तिला सिडकोच्या बसस्थानकावर सोडायला आले, तेव्हा बस हलेपर्यंत खिडकीशी उभे राहिले आणि एकच वाक्य तीन वेळा बोलले, "तिथल्या मानसांचं ऐकायचं."

तिथल्या माणसांत मुख्य होते वनपरिक्षेत्र अधिकारी शिवराज सोळुंके. उंच, शिस्तीचे, कमी हसणारे. पहिल्याच सकाळी त्यांनी आठही जणांना ओळीनं उभं करून विषय विचारले. कोणी वाघ सांगितला, कोणी घुबडं, कोणी अस्वलाच्या गुहा. सुलेखानं सांगितलं, "पाणवठ्यातले किडे." सगळे हसले, साहेबसुद्धा मिशीत हसले. पण पुढचं बोलताना ते हसत नव्हते. दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थी उत्साहाच्या भरात अस्वलाच्या गुहेत डोकावला होता, आणि त्याला ओढून बाहेर काढताना एका वनमजुराचा हात कायमचा गेला होता.

"म्हणून नियम एकच," सोळुंके म्हणाले. "बघायचं, मोजायचं, लिहायचं. जंगलातल्या कशालाही हात लावायचा नाही. ज्यानं लावला तो त्याच दिवशी घरी."

सुलेखाच्या सोबतीला कडुबा नावाचा वनमजूर दिला. साठीकडे झुकलेला, काटक, कमरेला कायम कुऱ्हाड. मूळचा सिल्लोडकडचा, तीस वर्षांपूर्वी कामाच्या शोधात इकडे आला आणि बायकोसह इथलाच झाला. अजूनही रोजंदारीवरच होता. सुलेखा संभाजीनगरची आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "मंग तू तर मपल्या गावाकडची, माय," तो म्हणाला आणि त्या दिवसापासून ती त्याला मामा म्हणू लागली.

उद्यानाच्या त्या भागात अकरा पाणवठे होते. जमिनीत बसवलेल्या सिमेंटच्या मोठ्या बशाच त्या. शेजारी बोअर आणि सौरऊर्जेवर चालणारा पंप. सुलेखा एक चौकट पाण्यावर धरायची, तिच्या आतले जीव मोजायची आणि वहीत लिहायची. पाण्यावर लांब पायांनी धावणारे किती, उलटे पोहणारे किती, तळाशी बसलेल्या अळ्या किती. कडुबा आधी बाजूला विडी चोळत बसायचा. दुसऱ्या आठवड्यात तो वाकून बघायला लागला. तिसऱ्या आठवड्यात तोच सांगायला लागला, "माय, आज उलटे लई दिसू लागले."

मे महिन्याच्या नऊ तारखेला सकाळी ती दोघं डोंगराच्या पलीकडचा आठ नंबरचा पाणवठा उरकून दुपारी पावणेदोनला नऊ नंबरवर पोचली. गाडीनं त्यांना पहाटेच वर सोडलं होतं, ती सहा वाजता न्यायला येणार होती. ऊन असं होतं की खडकावर हात टेकवत नव्हता. आजूबाजूचे सगळे झरे महिन्यापूर्वीच आटलेले, नदीतला डोह पाच किलोमीटरवर. त्यामुळे त्या डोंगरउतारावरच्या सगळ्या जनावरांची मदार या एका बशीवर होती. चौदा गव्यांचा एक कळप तर रोज चारच्या ठोक्याला तिथं यायचा. कळपाच्या पुढे एक मोठी मादी असायची. तिला कडुबा म्हातारी म्हणायचा. सगळ्यात मागे एक लहान वासरू.

सुलेखानं चौकट पाण्यावर धरली आणि थांबली.

चौकटीत काहीच हलत नव्हतं. तिनं चौकट दुसरीकडे धरली, मग तिसरीकडे. पाण्याच्या कडेला काळी रेघ दिसत होती. ती बोटानं ओढून बघितली तर ते सगळे किडेच होते, मेलेले, पाय आखडलेले. चार दिवसांपूर्वी याच पाण्यात तिनं एका चौकटीत त्रेचाळीस मोजले होते.

"मामा, इकडे या."

कडुबा आला, बसला, नाक खाली नेऊन वास घेतला. "उन्हानं मेले असतील," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. सुलेखानंही वास घेतला. शेवाळाच्या वासाखाली काहीतरी दुसरं होतं, लसणासारखं, उग्र. आजोळी कपाशीवर फवारणी चालू असली की बांधावरून यायचा तसा वास. 

"कोणीतरी औषध टाकलंय यात."

"तसं म्हणू नको, माय."

"मेलेलं जनावर कुठं दिसलं का तुम्हाला?"

"नाय. पर आज सकाळच्याला इकडं कोनतं जनावर आलंच नसंल. काल संध्याकाळी गस्तीवाले येऊन गेले, तवा ठीक व्हतं म्हनले."

म्हणजे जे काही झालं ते कालच्या संध्याकाळनंतर. आणि चार वाजता गवे येणार होते. तिनं घड्याळ बघितलं. दोन वाजायला पाच मिनिटं.

फोनला तिथं रेंज नव्हती. कडुबाकडे वायरलेस सेट होता, पण त्या खोलगट जागेतून तो बोलायचा नाही, समोरच्या टेकडीवर चढावं लागायचं. कडुबानं कुऱ्हाड खांद्याला लावली आणि निघाला. त्या उन्हात चढून उतरायला त्याला तासभर तरी लागणार होता.

एकटी राहिल्यावर सुलेखानं पुन्हा एकदा पाण्याचा वास घेतला. आपल्याला जे वाटतं ते खरंच आहे का, हे तिलाच नक्की सांगता येत नव्हतं. ती झाडाखाली बसली, दोन घोट पाणी प्यायली आणि बर्दापूरकर मॅडम प्रयोगशाळेत सांगायच्या तसं स्वतःला विचारलं, वाटणं सोड, दाखवता काय येईल? तेव्हा तिला पिशवीतली बरणी आठवली. सकाळी आठ नंबरवरून ओळख पटवायला, साहेबांची परवानगी होती म्हणून, तिनं वीसएक जिवंत किडे आणले होते. तिनं दोन रिकाम्या बरण्या घेतल्या. एकीत आठ नंबरचं पाणी, दुसरीत समोरच्या बशीतलं. दोन्हीत दहा दहा किडे सोडले आणि घड्याळ समोर धरलं.

तिसऱ्या मिनिटाला दुसऱ्या बरणीतले किडे वेडेवाकडे फिरायला लागले. सातव्या मिनिटाला उलटे झाले. बाराव्या मिनिटाला एकही हलत नव्हता. पहिल्या बरणीतले दहाही नेहमीसारखे पोहत होते.

तिनं तीन स्वच्छ बाटल्यांत पाणी भरलं, बुचं घट्ट लावली, वर चिकटपट्टी गुंडाळून तारीख-वेळ लिहिली आणि फोटो काढले. मग टेकडीकडे बघत उभी राहिली.

कडुबा तीन वाजता परतला तेव्हा त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. "सेट लागला," तो धापा टाकत म्हणाला. "साहेब मीटिंगला गेलेत, सांच्याला येतील. कॅम्पवरचा म्हनला, निरोप देतो. तवर कायबी करू नका. हात लावू नका."

सुलेखानं दोन्ही बरण्या त्याच्यापुढे धरल्या. कडुबानं एक बघितली, दुसरी बघितली. दुसरी हलवून बघितली. मग तो तसाच उकिडवा बसून राहिला.

"गवे किती वाजता येतात, मामा?"

"तुला ठावं हाय."

"आपण पाणी काढून टाकू."

कडुबानं तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं शिवी दिली. "मे महिन्यात? हे पानी? माय, पाच किलोमीटरात दुसरा थेंब नाय. आन् तुझं चुकलं तर? औषध नसलं तर?"

हेच ती गेला तासभर स्वतःला विचारत होती. ज्या घरात भांडी धुतलेलं पाणीसुद्धा कुंडीत जायचं, त्या घरात ती वाढली होती. एवढं पाणी सांडून द्यायचा विचारही तिथं कोणी केला नसता.

"काट्या टाकून झाकलं तर?" तिनं विचारलं.

"बोरी-बाभळीच्या काट्यांनी गवा थांबतो व्हय? एक ढुशी देईल अन् मोकळा." कडुबा उठला, दोन पावलं गेला, परत आला. "मपली रोजंदारी हाय. उद्या ये म्हनायचं का नाय, हे साहेबाच्या हातात हाय. हुकूम मोडला तर तुला घरी धाडतील. मला कुटं धाडतील?"

सुलेखानं वही उघडली, एक पान फाडलं आणि लिहिलं, की पाणवठा रिकामा करण्याचा निर्णय सर्वस्वी माझा आहे, कडुबा यांनी नकार दिला होता, त्यांनी फक्त माझ्या सांगण्यावरून काम केलं. खाली सही केली, वेळ घातली. तीन वाजून दहा मिनिटं. तिनं तो कागद वाचून दाखवला. कडुबानं तो हातात घेतला, घडी घातली, खिशात ठेवला.  मग पंपाच्या पेटीकडे गेला, नवं पाणीही याच विषात मिसळलं असतं म्हणून पंपाचा खटका बंद केला आणि आतून पहार आणि फावडं घेऊन आला.

उताराकडच्या बाजूला बशीचा काठ फोडायला त्याला वीस मिनिटं लागली. तोवर सुलेखानं खाली कोरड्या ओढ्याच्या वाळूत फावड्यानं चर खणला, म्हणजे पाणी साचणार नाही, वाळूत जिरून जाईल. काठ फुटला तसं पाणी धावलं. वाळू ते पीत होती आणि बुडबुडे सोडत होती. पण बशी मध्ये खोल होती, फुटलेल्या काठाच्या खालचं पाणी तसंच राहिलं. ते बादलीनंच काढावं लागणार होतं. एकच बादली होती. कडुबानं पंपाच्या पेटीचं पत्र्याचं झाकण काढलं आणि त्यानं पाणी उपसायला लागला.

पावणेचार झाले. दहा कमी चार झाले. सुलेखाच्या तळहातांना फोड आले होते.

"थांब," कडुबा हळूच म्हणाला.

झाडीत काहीच दिसत नव्हतं, पण पाला मोडल्याचा आवाज येत होता. मग सागाच्या खोडांमधून एक फिकट कपाळपट्टा पुढे आला. म्हातारी. तिच्या मागे एकेक करून बाकीचे. पाण्याचा वास त्यांना आला होता, पावलं भराभर पडत होती. माणसं दिसली तशी म्हातारी थबकली. साठ-सत्तर फुटांवर. तिनं मान खाली घालून असा फुत्कार टाकला की खालची धूळ उडाली.

बशीत अजून वीतभर पाणी होतं.

"पळायचं नाय," कडुबा ओठ न हलवता म्हणाला. "डोळ्याला डोळा द्यायचा नाय. तू उपसत ऱ्हा. म्या बघतो."

त्यानं झाकण उचललं आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं बडवायला सुरुवात केली. त्या आवाजानं मागचे गवे दचकून झाडीत शिरले, पण म्हातारी हलली नाही. उलट एक पाऊल पुढे आली. कडुबा बडवत बडवत तिच्या आणि बशीच्या मध्ये जाऊन उभा राहिला. सुलेखानं त्यांच्याकडे पाठ केली आणि बादली बुडवली. बुडवायची, उचलायची, काठाबाहेर चरात ओतायची. मागे पत्रा वाजत होता, मधूनच खूर आपटल्याचा आवाज यायचा, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं की आता पाठीवर येणार. एकदा पत्रा वाजायचा थांबला. ती वळली नाही. वळली असती तर तिच्यानं परत बादली उचलली गेली नसती. मग कडुबाचा आवाज आला, ओरडणारा नाही, समजावणारा, "जा, बाई. मपलं ऐक. आज इथं नको. नदीला जा, जा माय." आणि पत्रा पुन्हा वाजायला लागला.

बादलीला खडखड सिमेंट लागायला लागलं. शेवटी तळाशी चिखलाचं डबकं उरलं, त्यावर तिनं फावड्यानं माती ओढली, आणखी ओढली, वाळू टाकली, आणि मग काठावरच बसली.

म्हातारी पुढे आली नाही. ज्याच्या वासानं ती आली होती, ते पाणीच आता नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं ती तशीच उभी राहिली, मग वळून नदीच्या दिशेनं चालायला लागली. कळप तिच्या मागे गेला. सगळ्यात शेवटी ते वासरू. चालता चालता ते दोनदा थांबलं, मान वळवून बशीकडे बघितलं. सुलेखानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या वाटेवर, डोहापासून अर्ध्या किलोमीटरवर ते वासरू मेलेलं सापडलं.

सोळुंके साहेबांनी तिला कार्यालयात बोलावलं. ते ओरडले नाहीत, याचाच तिला जास्त धाक वाटला. बाटल्या त्यांनी पंचांसमोर सीलबंद केल्या, वासराचं शवविच्छेदन झालं, नमुने तपासायला गेले. ओढ्यात, बशीपासून लांब एक औषधाच्या बाटलीचं झाकण सापडलं, पण ते कधीचं, कोणाचं, कोणालाच सांगता येईना.

"कदाचित तुमचं बरोबर असेल," सोळुंके म्हणाले. "पण तुम्हाला स्पष्ट निरोप होता. किड्यांवरून तुम्ही उन्हाळ्यातलं पाणी सांडलंत, आणि आज माझ्यापुढे एक मेलेलं वासरू आहे. अहवाल येईपर्यंत तुम्ही घरी जा."

"आणि कडुबा मामा?"

"त्यालाही तोवर कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय."

"सर, त्यांनी नकार दिला होता. मी लिहून दिलंय."

"वाचलंय मी ते," साहेब म्हणाले आणि फाईल मिटली.

मुकुंदवाडीत ती पोचली त्याच आठवड्यात एका स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. विद्यार्थिनीच्या अतिउत्साहामुळे गव्याच्या पिलाचा तहानेनं मृत्यू. नाव नव्हतं, शहराचं नाव होतं. पण नातेवाइकांना तेवढं पुरलं. फोन यायला लागले. गीताबाई फोन उचलून "व्हय, व्हय" करायच्या आणि ठेवून दिल्यावर भाकरी थापताना बोलायच्या, "पानी सांडलंस तू? एवढं सगळं पानी? अगं, आपन..." पुढचं वाक्य त्या पुरं करायच्या नाहीत.

मॅडम विद्यापीठात भेटल्या. त्यांनी दोन्ही बरण्यांचे फोटो तीन-तीनदा बघितले. "प्रयोग चोख आहे," त्या म्हणाल्या. "पण सुलेखा, नमुना उन्हात खराब झाला असेल तर अहवालात काहीच येणार नाही. तयारी ठेव." विभागाचं नाव खराब झालं तर पुढच्या मुलांना दारं बंद होतील, ही काळजी त्या बोलल्या नाहीत, पण ती त्यांच्या चेहऱ्यावर होती.

पुंडलिकराव आठ दिवस काहीच बोलले नाहीत. नवव्या दिवशी पहिली पाळी करून आले, हातपाय धुतले आणि लेकीपुढे येऊन बसले. सुलेखाला वाटलं, आता धीर देतील.

"तुझं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तू शिकलेली हायेस, तुला दुसरं कायतरी भेटंल. त्या मानसाचं काय? साठीला आलेला मानूस. तुझ्या सहीच्या कागदानं त्याचं काम वाचतं व्हय?"

 कागद लिहिताना तिला वाटलं होतं की आपण मामाला वाचवलं. त्या रोजंदारीच्या माणसाला त्या कागदाचा काडीचा उपयोग नव्हता, हे मशीनवर उभं आयुष्य काढलेल्या बापाला एका क्षणात कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं क्रांती चौकातल्या एका टायपिंगच्या दुकानात बसून तीन पानांचा जबाब तयार केला. कडुबाची काहीही चूक नाही, तो केवळ माझ्या दबावाखाली वागला, शिक्षा करायची तर मला करा, त्याला कामावर घ्या. स्पीडपोस्टानं पाठवला, ईमेलनं पाठवला. उत्तर आलं नाही. दिवस मोजण्याखेरीज हातात काही नव्हतं. फोन वाजला की ती धावत जायची, आणि फोन मावशीचा नाहीतर रिचार्जवाल्यांचा निघायचा.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सोळुंकेंचा फोन आला. गीताबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी स्वतःचा पदर तोंडावर दाबून धरला.

"अहवाल आला," साहेब म्हणाले. "तिन्ही बाटल्यांत कीटकनाशक आहे. कोणी टाकलं, त्याचा तपास चालू आहे. डॉक्टर म्हणतात, कळप प्यायला असता तर तासाभरात आडवा झाला असता." सुलेखानं भिंतीला हात टेकवला. "पण दुसरंही सांगतो, कारण ते तुम्हाला कळायला हवं. वासराच्या पोटात विष नव्हतं. ते उन्हानं आणि तहानेनंच गेलं. बाकीचे तेरा परवा डोहावर मोजले."

"हो सर," ती म्हणाली. तिला आनंद झाला होता का हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. वासरानं वळवलेली मान तेवढी डोळ्यांपुढे आली.

"तुमचे राहिलेले दिवस पुरे करायला या. आणि येताना तो किडे मोजायचा प्रकार माझ्या सगळ्या गस्तीवाल्यांना शिकवायच्या तयारीनं या."

"कडुबा मामा?"

"आजपासून कामावर आहे."

पावसाळ्याआधीचे जेमतेम दहा दिवस हाताशी होते. सुलेखा परतली. नऊ नंबरची बशी घासून, काठ बांधून, नव्यानं भरली होती. गस्तीवाले एकेक करून चौकट धरायला शिकले. पण कडुबा बोलेना. सोबत चालायचा, पाणी वाहायचा, विचारलं तर "व्हय" किंवा "नाय", त्यापुढे शब्द नाही. माय म्हणणं त्यानं सोडलं होतं, आता तो मॅडम म्हणत होता. तिला वाटलं, घरी बसावं लागलं त्याचा राग असणार, आणि तो रास्तच होता.

चौथ्या दिवशी ती न राहवून त्याच्या घरी गेली. त्याची बायको भामाबाई अंगणात लाकडं रचत होती. तिनं पाट दिला, चहा टाकला आणि नवऱ्यासमोरच सुरू झाली, "एकोनीस दिवस हा मानूस घरात बसून व्हता. डोकं खाल्लं मपलं. आता बोलत कामून न्हाईस? पोरगी दारात आलीय."

"मामा, माझं चुकलं," सुलेखा म्हणाली. "माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

"कामाचं कोन बोलतंय?" कडुबा एकदम उसळला. "काम जातं, येतं. साहेबानं मला तुझं ते तीन पानाचं वाचून दावलं. दबावाखाली वागला म्हनं. दोन बरन्या म्या बी बघितल्या व्हत्या ना? मला डोळे न्हाईत? तीस वर्सं या रानात काढली. म्हातारीला ती वासरू असल्यापासून म्या वळखतो. ती मरू नये म्हनून म्या पहार उचलली, तू सांगितलं म्हनून न्हाई. आन् तू लिवलंस, ह्याला काय कळत नव्हतं."

 चहा तिच्या हातातच निवला.

"तुम्हाला वाचवायला लिहिलं मी," ती शेवटी म्हणाली.

"ते कळलं मला. म्हनूनच तर जास्त लागलं."

भामाबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग सुलेखानं विचारलं, "मामा, त्या दिवशी पत्रा वाजायचा मधेच थांबला होता. काय झालं होतं?"

कडुबानं विडी काढली, पेटवली नाही. "झाकण हातातून सुटलं. वाकून उचलावं तर ती दहा हातावर. मंग म्या तिच्याशी बोललो." त्यानं विडी परत खिशात ठेवली. "तू मागं वळली न्हाईस, ते बरं केलंस, माय."

फेलोशिपचा अंतिम अहवाल तिनं विद्यापीठात परतल्यावर लिहिला. पाणवठा क्रमांक नऊच्या घटनेवर त्यात सहा पानं आहेत. पाणी काढून टाकण्याचा निर्णय कोणी घेतला, या रकान्यात तिनं दोन नावं लिहिली, आधी कडुबाचं, मग स्वतःचं. वासराच्या मृत्यूचं कारणही जसं होतं तसं घातलं. उद्यानाच्या कार्यालयातून कोणीतरी कळवलं, की वनमजुराचं नाव अशा ठिकाणी घालायची पद्धत नाही, ते काढून पुन्हा पाठवा. सुलेखानं अहवाल पुन्हा पाठवला. त्यातला एक शब्दही तिनं बदलला नव्हता.